जुन्या छायाचित्रणाची रसायने : कुठे ठेवावी, कशी हाताळावी



अलीकडे एक गमतीची गोष्ट पाहायला मिळते. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला, बोट टेकवले की चित्र उमटू लागले, आणि नेमके याच वेळी काही तरुण मंडळींना पणजोबांच्या काळच्या छायाचित्रणाचे वेड लागले. काचेवर किंवा कागदावर आपल्या हाताने रसायन लावायचे, ते उन्हात धरायचे, आणि चित्र हळूहळू उमटताना पाहायचे. शहरांतून याच्या कार्यशाळा भरतात. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वर्गात जुन्या छायाचित्रांचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी विचारतोच, "सर, हे आपल्याला करता येईल का?" शाळांतले शिक्षकही विचारतात. करता येईल, असेच मी सांगतो. पण लगेच माझाही एक प्रश्न असतो : बाटल्या कुठे ठेवणार?

हा प्रश्न नुसत्या हौशी लोकांपुरता नाही, बरं का. आपल्या तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होते. रोल धुण्याचे काम थांबले, मालक थकले किंवा वारले, मुलाने पुढच्या खोलीत झेरॉक्सचे यंत्र मांडले. मागच्या काळोख्या खोलीतले कपाट मात्र आहे तिथेच आहे. त्यात डबे आहेत, बरण्या आहेत, कागदात बांधलेल्या पुड्या आहेत. काहींवरची चिठ्ठी ओलीने गळून गेलेली, काहींवरची झुरळांनी खाल्लेली. आत पांढरी पूड. ती हायपोची असेल, सोड्याची असेल, नाहीतर आणखी कशाची. मीठ, साखर, तुरटी आणि जहाल विष ही चारही डोळ्यांना सारखीच पांढरी दिसतात. शेतीच्या फवारणीचे औषध शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवल्यामुळे काय अनर्थ होतात हे खेड्यात राहणाऱ्याला मी सांगायला नको. या कपाटाची गोष्टही तीच आहे.

यातले विष आले कुठून, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१८३९ साली फ्रान्समध्ये लुई दागेर याची पद्धत जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्यावर आयोडीनची वाफ, मग कॅमेऱ्यात प्रकाश, आणि शेवटी तापवलेल्या पाऱ्याची वाफ, की चित्र प्रकट झाले! चित्र अप्रतिम यायचे. परंतु पाऱ्याच्या वाफेला ना रंग ना वास. आणि पारा तापवलाच पाहिजे असे नाही. फरशीच्या फटीत गेलेला थेंबही नुसत्या खोलीच्या उबेने हळूहळू उडत राहतो. सांडलेल्या पाऱ्याला केरसुणी लावली तर एका थेंबाचे शंभर होतात. वाफ बाहेर खेचून घेणारे बंदिस्त कपाट ज्या प्रयोगशाळेत नाही, तिथे या पद्धतीचे नाव काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढची पद्धत ओल्या काचेची. ती १८५१ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या गृहस्थाने प्रसिद्ध केली. त्याने तिचे पेटंट घेतले नाही. १८५७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या घरी दारिद्र्यच होते. पद्धत मात्र जगभर गेली. आपल्याकडे मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार आणि या सोसायटीचे सभासद. म्हणजे आपल्या लोकांचे हातही या रसायनांनी काळे झालेले आहेत. ही अलंकारिक भाषा नव्हे. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागले की कातडी खरोखरच काळी पडते.

ही पद्धत कशी होती पाहा. कापसावर तीव्र आम्लांची क्रिया करून बंदुकी कापूस करीत. हा कापूस दिसायला साधा, पण कोरडा असता भडकन पेट घेणारा. तो ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवला की काकवीसारखा दाट द्राव होई, त्याला कलोडियन म्हणत. तो काचेवर ओतायचा, काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, हिराकसाच्या पाण्याने चित्र उठवायचे आणि पुष्कळदा पोटॅशियम सायनाइडने पक्के करायचे. काच वाळण्याच्या आत, म्हणजे दहाएक मिनिटांत, हा सगळा खटाटोप उरकावा लागे. प्रवासात तो एका काळ्या तंबूत चाले. भडका उडवणारा द्राव, डोळा घालवणारा क्षार आणि जीव घेणारे विष, तिन्ही एका हाताच्या अंतरावर आणि तेही अंधारात! ही मंडळी धाडसी होती खरी, पण त्यांच्यातल्या काहींनी त्या धाडसाची किंमत प्राणांनी मोजली आहे.

आता ईथरचे घ्या. ते ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. म्हणजे इंग्लंडमध्ये जी बाटली फळीवर शांत बसलेली असे, ती आपल्याकडे विस्तवाशिवायच उकळीला येते. झाकणावर आतून दाब येतो. शिवाय ईथरची वाफ हवेपेक्षा अडीच पटींनी जड. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, उंबरा ओलांडते, आणि पलीकडच्या खोलीतल्या शेगडीपर्यंत किंवा देवापुढच्या निरांजनापर्यंत पोहोचते. तिथे पेटली की ज्योत त्याच वाटेने माघारी येते. मग कुणी म्हणेल, बाटली फ्रिजमध्ये ठेवू. घरच्या फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नये. त्याच्या आतला दिवा आणि तापमान राखणारी कळ यांची एवढीशी ठिणगी त्या बंद पेटीतल्या वाफेला पुरेशी होते. आणि तिथे आपले दूध-भाजी असते हे वेगळेच.

ईथरचा आणखी एक दुर्गुण आहे. हवा आणि उजेड लागून त्यात कालांतराने पेरॉक्साइडे तयार होतात. ती स्फोटक असतात. म्हणून जुन्या कपाटात ईथरची वर्षानुवर्षे न उघडलेली बाटली दिसली, विशेषतः बुचाभोवती पांढरे खडे धरलेले दिसले, तर ते बूच फिरवू नये. बाटली हलवूही नये. खोली बंद करावी आणि अग्निशमन दलाला कळवावे.

बंदुकी कापसाचाच एक भाऊ म्हणजे जुनी नायट्रेट फिल्म. २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठवणीच्या खोलीला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मी जळून गेल्या. त्यांत प्रभातच्या चित्रपटांच्या फिल्मी होत्या. ही फिल्म पेटली की पाण्यानेही सहज विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या अंगातच असतो. घरात फार जुनी, चिकट झालेली, उग्र वास येणारी फिल्म सापडली तर ती माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवू नये. पत्रा तापला की ती पेटीच भट्टी होते.

आता सायनाइड. जुन्या छायाचित्रकारांना ते आवडे. चित्र झटपट पक्के होई, धुवायला पाणी कमी लागे, आणि चित्रातला पांढरा भाग अधिक उजळ येई. इतकेच काय, सिल्व्हर नायट्रेटने काळी झालेली बोटे साफ करायला काहीजण सायनाइडचा खडाच हातावर चोळीत! बोटाला एखादी चीर असली की संपले. चिमूटभर सायनाइड पोटात गेले तर माणूस काही मिनिटांत जातो. दुसरे असे की सायनाइडला आम्लाचा स्पर्श झाला की विषारी वायू सुटतो. ओल्या काचेच्या पद्धतीत चित्र उठवण्याच्या पाण्यात अ‍ॅसेटिक आम्ल घातलेले असते. काच नीट न धुता सायनाइडमध्ये टाकली की तो वायू थोडाथोडा नाकाशीच निघतो. त्याला कडू बदामासारखा वास येतो म्हणतात, पण तो वास जन्मतःच न येणारी माणसे पुष्कळ आहेत. तेव्हा नाकावर विसंबू नये.

बरे, याला पर्याय नव्हता का? होता. सोडियम थायोसल्फेट, ज्याला आपले स्टुडिओवाले हायपो म्हणतात, त्याचा गुण जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८१९ सालीच शोधला होता. हायपो थोडे सावकाश काम करते, धुवायला पाणी जास्त लागते, चित्राची छटा जराशी वेगळी येते. एवढ्या छटेसाठी घरात सायनाइड आणावे असे मला मुळीच वाटत नाही. गंमत म्हणजे सायनाइडच्या विषबाधेवर डॉक्टर जी औषधे शिरेतून देतात, त्यांत हे सोडियम थायोसल्फेटही असते.

इथे शिक्षकांना एक विनंती. मघाशी ज्याचा उल्लेख केला ते पोटॅशियम सायनाइड आणि पुढे ज्याविषयी सांगणार आहे ते पोटॅशियम फेरिसायनाइड, ही दोन नावे कानाला जवळची, वस्तू मात्र अगदी निराळ्या. फेरिसायनाइडचे खडे लालभडक असतात, आणि त्यातला सायनाइडचा अंश लोखंडाने घट्ट धरून ठेवलेला असतो. म्हणून ते त्या मानाने सौम्य. पण तीव्र आम्लात घातले, आणि त्यातही तापवले, तर ती पकड सुटते. तेव्हा रसायनांची मागणी लिहिताना "पोटॅ. सा." असली संक्षिप्त नावे लिहू नका. नाव पुरते लिहा. बाटलीवरही पुरते लिहा : नाव, किती तीव्र, कोणत्या तारखेला केले, कोणी केले. शाई पुसली जाते, म्हणून चिठ्ठीवर पारदर्शक पट्टी चिकटवा. ज्या बाटलीवर नाव नाही ती कामाची नाही, मग आतली वस्तू कितीही महाग असो.

शाळेच्या कपाटात हमखास असणारी आणखी एक वस्तू म्हणजे पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी खडे. डिंकात हे मिसळून कागदाला लावले की ऊन लागलेला डिंक घट्ट होतो आणि न लागलेला पाण्यात निघून जातो. यावर एक सुरेख मुद्रणपद्धत उभी आहे. डिंक आपला, रंग आपला, म्हणून शिक्षकांना ती आवडते. पण या खड्यांतले क्रोमियम कर्करोगकारक आहे. कातडीवर राहिले तर लवकर न भरणारी क्षते पडतात, आणि एकदा कातडीला त्याचे वावडे झाले की जन्मभर राहते. पूड नाकात जाणे तर सर्वांत वाईट. मुलांच्या हाती ते देऊ नये. मोठ्या माणसानेही हातमोजे घालूनच, आणि पूड न उडेल अशा बेताने ते पाण्यात घालावे.

कपाट कसे लावावे, यावर मात्र मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण नीटनेटकेपणाच्या हौसेतूनच इथे चूक होते. कितीतरी शाळांत बाटल्या अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या असतात. दिसायला छान! पण त्यामुळे 'अ'खाली अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि अमोनिया शेजारी येतात, आणि 'स'खाली सिल्व्हर नायट्रेट आणि स्पिरिट. सिल्व्हर नायट्रेट, डायक्रोमेट, नायट्रिक आम्ल ही जळणाला जोर देणारी द्रव्ये. स्पिरिट आणि ईथर ही जळणारी. लाकूडफाट्याच्या ढिगावर काडेपेटी ठेवण्यासारखे हे झाले. म्हणून बाटल्या नावाने नव्हे, स्वभावाने लावाव्या. आम्ले सर्वांत खाली, प्लॅस्टिकच्या घमेल्यात, म्हणजे बाटली फुटली तरी द्राव घमेल्यात राहील. जळणारे द्राव वेगळ्या कपाटात, उन्हापासून आणि विजेच्या बटणापासून दूर, आणि लागतील तेवढेच. जळणाला जोर देणारे क्षार तिसरीकडे. हायपो आणि फेरिसायनाइड आम्लांपासून लांब. द्रावाची कोणतीही बाटली डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवू नये. काढताना ती निसटली तर तोंडावरच येते. सिल्व्हर नायट्रेटचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा लावल्यावाचून त्याचे बूच काढू नये. आणि त्यात अमोनिया घालून केलेले द्रावण दुसऱ्या दिवसापर्यंत कधीही ठेवू नये, कारण त्यातून स्फोटक साका बसतो. अकरावी-बारावीच्या शिक्षकांना टॉलेन्सचे द्रावण ठाऊक आहे. त्यालाही हाच नियम.

किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असावी, आणि साठा नोंदवहीत आले किती, वापरले किती, उरले किती हे ग्रॅममध्ये लिहावे. काम करताना पदर, ओढणी खोचून घ्यावी. स्वयंपाकघरातले पातेले, गाळणी, चमचा एकदा या कामाला आणला की तो परत चुलीकडे नेऊ नये. त्यावर तांबड्या रंगाची खूण करावी. चहाचा कप त्या टेबलावर नको. आणि रागावू नका, पण काम चालू असताना तंबाखू मळणे तर नकोच नको. विष पोटात जायचा तो सगळ्यांत सरळ रस्ता आहे.

जुन्या स्टुडिओच्या कपाटाचे काय करायचे? प्रथम, कुतूहल म्हणून एकही डबा उघडून हुंगू नका, चाखण्याचे तर नावच नको. चिठ्ठ्या शाबूत असतील त्यांची यादी करा, मोबाईलवर फोटो घ्या, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. मेटॉल, हायड्रोक्विनोन, डायक्रोमेट, मर्क्युरिक क्लोराइड ही नावे दिसली तर हात लावण्याआधीच विचारा. प्रकाशासाठी पेटवायची जुनी पूडही एखाद्या डब्यात असू शकते. ती घासली गेली तरी भडकते. हे सारे विहिरीत, ओढ्यात, उकिरड्यावर टाकणे हा गावावर अन्याय आहे. अशा टाकाऊ रसायनांविषयी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारणा करता येते. सिल्व्हर नायट्रेटचे उरलेले पाणी मात्र शाळेतही मार्गी लागते. त्यात तांब्याची तार सोडली की चांदी तारेवर धरते आणि पाणी निळे होते. मुलांना एक धडाही होतो. ते निळे पाणी तांब्याच्या क्षाराचे असते, तेही ओढ्यात सोडू नये.

अपघात झालाच तर : डोळ्यात किंवा अंगावर काही उडाले तर वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटे धुवावे, घड्याळ लावून. पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती बाटली, निदान तिच्या चिठ्ठीचा फोटो, डॉक्टरांकडे न्यावा. सायनाइडची शंका असेल तर रोग्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नये.

इतके ऐकून शिक्षक म्हणतील, मग मुलांना दाखवायचे तरी काय? त्यासाठीच मी फेरिसायनाइडचे नाव राखून ठेवले होते. हर्शेलनेच १८४२ साली निळ्या चित्राची पद्धत काढली. इंजिनियरांचे निळे नकाशे पुढे याच पद्धतीने निघत. १८४३ पासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळांची चित्रे याच पद्धतीने उमटवून पुस्तकरूपाने काढली. हिच्यात चांदी नाही, पारा नाही, ईथर नाही. २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट १०० मिलिलिटर पाण्यात, १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड दुसऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात, अशी दोन द्रावणे दोन तपकिरी बाटल्यांत वेगवेगळी ठेवायची. हे मोजण्याचे काम शिक्षकांनी करावे. लागेल तेव्हाच समभाग मिसळून, हातमोजे घालून, मंद उजेडात कागदाला ब्रशने लावायचे आणि अंधारात वाळवायचे. वर चिंचेची डहाळी, कडुलिंबाचे पान किंवा नेचा ठेवून काच दाबायची आणि उन्हात धरायचे. आपल्या दुपारच्या उन्हात दहा मिनिटे बहुधा पुरतात. मग साध्या पाण्यात, पाणी पिवळे निघणे थांबेपर्यंत धुवायचे. साबण किंवा धुण्याचा सोडा लावू नये, निळा रंग उडतो.

पहिल्या बाटलीत काही आठवड्यांनी बुरशी येते, म्हणून थोडेच करावे. मिसळलेले द्रावण उरले तर ते बाटलीत परत ओतू नये. राहिलेल्या कागदांना लावून टाकावे. तरीही थोडे शिल्लक राहिले तर जुन्या वर्तमानपत्रावर पसरून उन्हात ठेवावे, तेही निळे होऊन जाते. भांडी धुण्याच्या जागी त्या दिवशी आम्लाची बाटली आणि फरशी धुण्याचे आम्ल दोन्ही येऊ देऊ नयेत. चित्र पहिल्या दिवशी फिकट वाटले तर घाई करून पुन्हा काही लावू नका; हवेने ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप गडद होते.